चूल, चिमणी आणि दूदकश : स्वयंपाकघरातल्या धुराचा इतिहास

मराठीत ‘चिमणी’ म्हटलं की आधी अंगणातला पक्षी आठवतो. मग वीज नसलेल्या काळातला रॉकेलचा छोटा दिवा, मग गिरणीचं उंच धुराडं. आता त्यात गॅसच्या शेगडीवर टांगलेल्या स्टीलच्या यंत्राची भर पडली आहे. पक्षी सोडला, तर यातला धुराशी नातं असलेला शब्द इंग्रजीतून आला. इंग्रजीत तो फ्रेंचमधून आला आणि त्याचं मूळ ग्रीक भाषेतल्या भट्टीच्या नावापर्यंत जातं. उर्दूत मात्र याच वस्तूला एक जुना फारसी शब्द आहे, दूदकश. दूद म्हणजे धूर आणि कश म्हणजे ओढणारा. हुक्क्याचा कश आणि मनाची कशिश यांतलाच हा कश. मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे शब्दांची अशी जोडी दिसली की थांबायची सवय लागली आहे. विजेवर चालणाऱ्या आजच्या यंत्राला ‘दूदकश’ हे नाव जास्त शोभतं, कारण ते खरोखरच धूर ओढतं. जुनी चिमणी धुराला फक्त वाट करून द्यायची.

कोंढव्यात आमच्या भागात नवे फ्लॅट होत आहेत आणि बायका एकमेकींना विचारतात, “चिमनी कौनसी ली?” आमच्या घरातही ही चर्चा काही महिने चालली. किंमत किती, आवाज किती, किती घनमीटर हवा ओढते, साफ कोण करणार. ऐकताना वाटतं की हा दुकानदाराशी बोलून मिटवायचा प्रश्न आहे. पण त्याला शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते : धूर ज्याच्या डोळ्यांत जातो आणि तो घालवायला पैसा ज्याच्या खिशातून निघतो, ही दोन माणसं वेगळी असतात. म्हणून धुराचा निकाल नेहमी उशिरा लागतो.

काळोखातली चूल

जुन्या मराठी घरात धुरासाठी सोय होतीच. चुलीवरच्या छपरात धुराडं ठेवत किंवा भिंतीत वर झरोका. कौलांच्या फटींतूनही धूर निघून जाई. शिवाय धुराचा उपयोगही होता. वाशांना कीड लागत नसे, आणि आढ्याला टांगलेले लसूण-कांदे व बियाण्यांची कणसं टिकत. म्हणजे आपल्या पूर्वजांना धुराचं काहीच कळत नव्हतं असं नाही. पण धुराडं पावसाळ्यात गळायचं, मग ते फरशीच्या तुकड्याने किंवा पत्र्याने झाकायचं. चार महिने ओली लाकडं आणि बंद धुराडं. फुंकणीने जाळ करणाऱ्या बाईचा चेहरा चुलीच्या तोंडापासून हातभर अंतरावर, आणि बऱ्याचदा मांडीवर तान्हं मूल.

स्वयंपाकघर घरात कुठे असावं, हेही धुराच्या सोयीने ठरत नव्हतं. पेठांमधल्या वाड्यात सोवळ्यासाठी चूल आतल्या बाजूला गेली. आपल्या मोहल्ल्यांत पडद्यासाठी गेली. माझ्या नानीच्या घरात बावर्चीखान्याची एकुलती खिडकी गल्लीकडे उघडायची. म्हणून तिच्यावर कायम गोणपाट टांगलेलं असायचं, आणि धूर निघायचा तो दारातून, सगळ्या घरातून फिरून. सोवळं आणि पडदा यांची कारणं वेगळी, पण परिणाम सारखा झाला : घरातली सर्वांत जास्त आग असलेली खोली सर्वांत कमी हवेची राहिली. मला हे लिहिताना दोन्ही परंपरांना दोष द्यायचा नाही. खिडकी असूनही धूर आत का राहिला, ते नोंदवायचं आहे.

मगनवाडी आणि हैदराबाद

स्वयंपाकघरातला धूर हा देशाचा प्रश्न आहे, असं मानून काम करणाऱ्यांत पहिली नावं महाराष्ट्रातलीच येतात. १९३४ मध्ये गांधीजींनी वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन केला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या जागेचं नाव मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ मगनवाडी झालं आणि संघाचं काम अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा पाहू लागले. घाणी, हातकागद, मधमाश्या यांच्याबरोबर इथे चुलीवरही प्रयोग झाले. १९४० च्या दशकात पुढे आलेल्या ‘मगन चुली’ची कल्पना सोपी होती. मातीची बंदिस्त चूल, एकामागे एक भांड्यांची तोंडं. पहिल्या भांड्याखालचा जाळ दुसऱ्याखालून जाईल आणि उरलेला धूर नळीने छपराबाहेर पडेल. जळण वाचेल, डोळेही वाचतील.

थोड्याच वर्षांनी हैदराबादच्या इंजिनिअरिंग प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी धूररहित चुलीचा नमुना तयार केला आणि १९५३ मध्ये त्यावर इंग्रजीत एक पुस्तिका प्रसिद्ध केली. कोट्यवधी घरांची स्वयंपाकघरं बिनधुराची व्हावीत, हे तिच्या नावातच होतं. त्या वेळी आपला मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. औरंगाबाद आणि बीडच्या घरांसाठी हे परक्या मुलखातलं संशोधन नव्हतं.

पुढे १९८३ मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. २००२ मध्ये तो थांबेपर्यंत देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसल्याची सरकारी नोंद आहे. पण चुली बसल्या म्हणजे धूर गेला असं झालं नाही. नळीत काजळी साचते, ती महिन्या-दोन महिन्यांनी काढावी लागते. भांड्याचं तोंड चुलीच्या तोंडाएवढं नसेल तर धूर बाजूने येतो. मातीचा भाग फुटला की लिंपावा लागतो. हे काम कोणी करायचं, हे कोणत्याच योजनेत ठरलेलं नव्हतं. ओडिशात एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा नळीच्या चुलींचा चार वर्षं पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी धूर कमी झाला, नंतर फायदा विरत गेला, कारण चुलींची निगा राखली गेली नाही आणि त्यांचा वापरही कमी झाला. ज्यांच्या घरात चिमणीची जाळी सहा महिने धुतली गेलेली नाही, त्यांना हा निष्कर्ष समजायला ओडिशाला जावं लागणार नाही.

स्टोव्ह, भुशाची शेगडी आणि गॅसचा नंबर

शहरात चुलीची जागा आधी स्टोव्हने घेतली. १८९२ मध्ये स्टॉकहोमच्या फ्रान्स लिंडक्विस्टने हवा भरून चालणारा प्रायमस स्टोव्ह बनवला आणि तो जगभर पोचला. पंप मारायचा, पिन मारायची, मग निळी ज्योत आणि तो घरघर आवाज. पुण्याच्या पेठांत आणि कॅम्पात दोन पिढ्यांच्या सकाळी याच आवाजाने उजाडल्या. रॉकेल रेशनवर मिळायचं. ते संपलं की वातीचा स्टोव्ह बाजूला आणि लाकडाच्या भुशाने ठासून भरलेली पत्र्याची शेगडी पुढे. अम्मी सांगते की भुसा नीट ठासला तर दोन वेळचा स्वयंपाक निघायचा, नाहीतर नुसता धूर. भवानी पेठेतला लाकूडबाजार जवळ असल्याने भुसा मात्र स्वस्त.

स्टोव्हने आणखी एक काळी आठवण मागे ठेवली. सत्तर-ऐंशीच्या दशकात वर्तमानपत्रात ‘स्टोव्हचा भडका’ हे शब्द रोजचे झाले होते. काही अपघात खरे होते, काहींच्या आड सुनांचे खून लपवले गेले. स्त्रियांच्या चळवळींनी आवाज उठवल्यावर १९८३ मध्ये दंडसंहितेत ४९८ अ आणि १९८६ मध्ये हुंडाबळीचं ३०४ ब हे कलम आलं. स्वयंपाकघराचा इतिहास लिहिताना हे पान वगळता येत नाही.

गॅस मुंबईत १९५० च्या दशकातच आला होता. बर्मा-शेल कंपनीच्या ‘बरशेन’ सिलिंडरचं नाव जुन्या मुंबईकरांना आठवत असेल. सरकारी इंडेन १९६५ मध्ये कोलकात्यातून सुरू झाला. पण सामान्य घराला तो मिळायला वर्षं लागली. नाव नोंदवायचं आणि नंबर यायची वाट पाहायची. गॅस आला तसा बायकांचा आसनबदल झाला. पाटावर बसून होणारा स्वयंपाक ओट्यासमोर उभं राहून होऊ लागला. काजळी गेली, भांडी चकचकीत झाली. सगळ्यांनी मानलं की धुराचा प्रश्न संपला. खेड्यांतल्या गरीब घरांसाठी उज्ज्वला योजना आली ती १ मे २०१६ ला, म्हणजे बरशेननंतर साठेक वर्षांनी. तिथेही सिलिंडर संपला आणि हातात पैसे नसले की चूल पुन्हा पेटते.

सिगारेट न ओढणाऱ्यांची फुप्फुसं

१९८१ मध्ये कर्क स्मिथ या अमेरिकी संशोधकाने गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर हवा मोजणारी उपकरणं लावली. त्यांच्या श्वासात जाणारी धुराची मात्रा शहरातल्या प्रदूषित रस्त्यापेक्षा कितीतरी पट निघाली. प्रदूषण म्हणजे कारखाना आणि मोटारी, असं मानणाऱ्या जगाला त्याने घरात डोकवायला लावलं.

पुण्याचं नाव या इतिहासात ठळक आहे. इथल्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये एक महत्त्वाचा लेख लिहिला. सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार, हा फक्त बिडी-सिगारेटवाल्यांचा नाही. कधीच धूम्रपान न केलेल्या असंख्य लोकांना तो होतो आणि त्यामागे चुलीचा धूर हे मोठं कारण आहे, हे त्यांनी पुराव्यांनिशी मांडलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२० या एका वर्षात घरातल्या धुरामुळे जगात ३२ लाख मृत्यू झाले.

माझ्या अम्मीला गेली काही वर्षं जिना चढताना दम लागतो. तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, घरात कोणी बिडी ओढतं का? कोणीच नाही. मग त्यांनी चुलीबद्दल विचारलं. अम्मीचं उत्तर होतं, “धुआँ किसके घर में नहीं था?” तिला ती तक्रार वाटतच नव्हती. तीस वर्षं तिने धुराला हवामानासारखं मानलं होतं.

आता चिमणीने खरंच फरक पडतो का? याचं सर्वांत ठोस उत्तर चीनच्या युन्नान प्रांतातल्या श्वानवेई भागातून येतं. तिथे घराच्या मधल्या खड्ड्यात कोळसा जाळत आणि बायकांमध्येही फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण फार मोठं होतं. ज्या घरांनी नळी असलेली शेगडी बसवली, तिथे पुढे हा धोका पुरुषांत सुमारे ४० टक्के आणि बायकांत सुमारे ४५ टक्के कमी झाला. २००२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. इंधन तेच होतं, फक्त धुराला वाट मिळाली.

आणि गॅस असलेल्यांनी निर्धास्त राहावं असंही नाही. कडकडीत तापलेल्या तेलाची वाफ ही कर्करोगाला ‘बहुधा कारणीभूत’ या गटात जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने टाकली आहे. गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइडही निघतो. रमजानमध्ये असर ते मगरिब आपल्या घरोघरी काय चालू असतं, ते आठवा. समोसे, भजी, कबाब, शेजारी बिर्याणीच्या कांद्याचं तळण, आणि उपाशीपोटी त्यासमोर उभी असलेली बाई.

फाब्रियानोहून पुण्याला

विजेची चिमणी आपल्याकडे आली ती बरीचशी इटलीहून, आणि तीही एकाच गावातून. फाबर आणि एलिका या दोन्ही नावांचं मूळ फाब्रियानो या छोट्या गावात आहे. एलिका तिथे १९७० मध्ये सुरू झाली. पुढे दोन्ही नावांचे कारखाने आपल्या पुणे जिल्ह्यात उभे राहिले. गंमत अशी की फाब्रियानो जगाला माहीत आहे ते कागदासाठी. कागद बनवण्याची कला अरब जगातून युरोपात गेली आणि तेराव्या शतकात या गावाने तिच्यात नाव काढलं. इकडे पुण्याच्या कसबा पेठेतला कागदीपुरा वसला तो मुस्लिम कागदी कारागिरांमुळे. दोन गावं, एकाच कलेच्या दोन टोकांना. आता त्यांना धुराच्या यंत्राने पुन्हा जोडलं आहे. हा योगायोग आहे, पण कसब्यातून जाताना मला तो आठवतो.

शेजाऱ्याची खिडकी

चिमणीने आपल्या घरातला धूर बाहेर टाकला, तो जातो कुठे? बऱ्याच इमारतींत तो डक्टमधून थेट शेजारच्या खिडकीत जातो. यावर आपल्याकडे फार जुना विचार झालेला आहे. चौदाव्या शतकात ट्यूनिसमध्ये इब्न अल-रामी नावाचे बांधकामातले जाणकार होते. इमारतींच्या तंट्यांवर त्यांनी ग्रंथच लिहिला. त्यात धूर, दुर्गंध आणि आवाज हे शेजाऱ्याला होणारे त्रास म्हणून येतात. हमामखान्याच्या आणि बेकरीच्या भट्टीचा धूर शेजाऱ्यावर सोडायला मालिकी फकीहांनी मनाई केली. घरच्या रोजच्या स्वयंपाकाच्या धुराला मात्र सूट दिली, कारण त्यावाचून जगणं होत नाही. त्रास आणि गरज यांत त्यांनी केलेला हा फरक आजही उपयोगी आहे.

तो अशासाठी की आपल्यातल्या काही बायका चिमणी घेतात त्या धुरासाठी नव्हे, वासासाठी. मिश्र वस्तीत घर भाड्याने घेतलेल्या माझ्या एका मैत्रिणीला जिन्यात ऐकवलं गेलं की तुमच्याकडून मटणाचा वास येतो. तिने महिन्याच्या पगाराचा मोठा भाग घालून चिमणी बसवली, आणि तरी शुक्रवारी ती खिडक्या लावून शिजवते. हे मला मान्य नाही. आपला धूर आणि तेलाची वाफ दुसऱ्याच्या घरात जाऊ नये, ही आपली जबाबदारी आहे. नळीचं तोंड त्याच्या खिडकीपासून दूर काढायला हवं. पण आपल्या जेवणाचा वास हा गुन्हा नाही. कोकणातल्या सुक्या मासळीचा नाही, देशावरच्या मेथीच्या फोडणीचा नाही, आणि आपल्या सालनाचाही नाही. वास लपवण्यासाठी खिडक्या बंद केल्या, तर गोणपाटाची खिडकी परत आली असंच म्हणावं लागेल.

आम्ही काय पाहिलं

इतिहास वाचून झाल्यावर निवड सोपी झाली. सर्वांत आधी, नळी बाहेर काढता येते का ते पाहिलं. नळी नसलेली, कोळशाच्या फिल्टरची चिमणी तेल आणि थोडा वास धरते. पण उष्णता, वाफ आणि ज्योतीतले वायू खोलीतच राहतात. भिंतीला भोक पाडता येत असेल, तर नळीचीच घ्यावी. नळी शक्यतो सहा इंच व्यासाची, आखूड आणि सरळ. प्रत्येक वळण ओढ कमी करतं.

दुसरं, खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुललो नाही. आमचं स्वयंपाकघर १० फूट बाय ८ फूट, उंची ९ फूट. म्हणजे ७२० घनफूट, साधारण २० घनमीटर. तासाला पंधरा वेळा हवा बदलायची तर ३०० घनमीटर लागतात. आपल्या बगार आणि तळणासाठी दुप्पट-तिप्पट धरली तरी १२०० च्या पुढच्या आकड्यांची स्पर्धा कळत नाही, कारण ते आकडे मोकळ्या हवेतले असतात, नळी लावल्यावरचे नाहीत. चार बर्नरच्या रुंद शेगडीवर अरुंद चिमणी ठेवली, तर कडेचा धूर निसटतो. शेगडीएवढी रुंदी हवी आणि उंची कंपनीने सांगितलेली, साधारण दोन-सव्वादोन फूट.

तिसरं, बारीक तारेची जाळी आपल्या तेलात लवकर तुंबते. वळणदार पट्ट्यांचा बॅफल फिल्टर धुवायला सोपा. ‘आपोआप साफ होणारी’ चिमणी तेल वितळवून वाटीत आणते, पण ती वाटी कोणालातरी रिकामी करावीच लागते.

आणि एक इशारा. चिमणी हवा बाहेर काढते, तेवढी हवा कुठूनतरी आत यायला हवी. सगळं बंद करून ती चालवली आणि घरात गॅसचा गीझर असेल, तर त्याचा विषारी वायू उलटा घरात ओढला जाऊ शकतो. एक खिडकी थोडी उघडी ठेवा. ज्यांना चिमणी परवडत नाही, त्यांनी ओट्याच्या वर साधा एक्झॉस्ट पंखा लावला आणि समोरची खिडकी उघडली, तरी काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ बरं.

मगन चुलीपासून आजपर्यंत यंत्रापेक्षा निगराणी कमी पडली, म्हणून दुकानात जाण्याआधी आम्ही घरात एक गोष्ट ठरवली. फिल्टर धुणं हे स्वयंपाक करणारीचं काम नाही. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ते माझे शोहर आणि मुलगा करतात, गरम पाण्यात सोडा टाकून. वाटीतलं तेल किती निघालं ते अम्मी पाहते आणि दर वेळी म्हणते, “ये सब अपने अंदर जाता था?”